मेश्रामबाईंचा सातवा धडा

बाई, गेल्या रविवारी शाळेत तुमची शोकसभा झाली. सगळे तुमच्याबद्दल इतकं गोड बोलले की तुम्ही असता तर कंटाळून मधेच उठला असता आणि व्हरांड्यात जाऊन एखाद्या पोरीची वही तपासत बसला असता. कोणी तुम्हाला मायाळू म्हटलं, कोणी शांत स्वभावाच्या. शांत! तुमचा आवाज चढला की शिपाई चहाचे कप घेऊन स्टाफरूमच्या दारातूनच परत फिरायचा. पण तोही रविवारी मान डोलावत होता.

मग अध्यक्ष उठले. आताचे, जुन्या अध्यक्षांचे पुतणे. म्हणाले, "बाईंकडून एकदा चूक झाली होती, पण त्यांनी ती मोठ्या मनाने कबूल केली. असा प्रांजळपणा आज दुर्मीळ आहे." सगळ्यांनी पुन्हा माना डोलावल्या. त्यानंतर माझी पाळी होती. मी नव्व्याण्णव सालापासून सुरुवात केली, आपण मिळून अभ्यासक्रम कसा लिहिला ते सांगितलं, तुमचे दोन किस्से सांगितले, आणि जी एक गोष्ट सांगायला घरून निघालो होतो ती सोडून बाकी सगळं बोलून खाली बसलो. शेजारचे म्हणाले, "छान बोललात, बिसेन सर." मला स्वतःची फार लाज वाटली.

आता संस्थेची स्मरणिका निघते आहे आणि तुमच्यावर लिहायला मला दोन पानं दिली आहेत. ती चूक तुमची नव्हती, माझी होती. तोंडातून निघालं नाही ते हातानं लिहून बघतो.

पण आधी तुमच्याबद्दल लिहू द्या, कारण चूक एका दिवसाची होती आणि तुमच्याकडून शिकलो ती वर्षं पुष्कळ होती.

मी नोकरीला लागलो तेव्हा शाळेत चार संगणक नुकतेच आले होते. खोलीला पडदे, दाराला कुलूप, चपला बाहेर, आणि दर गुरुवारी हेडमास्तर स्वतः उदबत्ती लावायचे. मी सहा महिन्यांचा कोर्स केलेला, बावीस वर्षांचा, कंत्राटी मास्तर. खोलीची किल्ली माझ्याकडं असल्यामुळं मी स्वतःला कोणीतरी समजत होतो. तुम्ही गणिताच्या बाई. पहिल्याच आठवड्यात दारात उभ्या राहून म्हणालात, "काऊन गा, हा काय देव्हारा हाय का? लेकरं खिडकीतून दर्शन घेऊन रायले."

आत मी शहरातून आलेल्या पुस्तकातून शिकवत होतो. पहिलं प्रकरण संगणकाचा इतिहास, दुसरं संगणकाच्या पिढ्या, तिसरं व्याख्या. सातवीचा वर्ग एका सुरात व्याख्या म्हणत होता आणि मी खूश होतो. तुम्ही ती ऐकून घेतली, मग एका पोराला विचारलंत, "पाठ तं झालं बेटा. आता याचं करशीन काय?" पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी छताकडं.

संस्थेच्या पाच शाळांसाठी आपला स्वतःचा संगणकाचा अभ्यासक्रम लिहायचं ठरलं तेव्हा माझ्यासोबत काम करायला कोणी तयार नव्हतं. तुम्ही हात वर केलात. तुम्ही तोवर माऊसला हातसुद्धा लावला नव्हता. मी तसं बोलून दाखवल्यावर म्हणालात, "मले मशीन येत नाई, तुले पोट्टे येत नाई. दोघं मिळून एक मास्तर होते का पाहू." इतक्या वर्षांत माझ्या पात्रतेबद्दल इतकं खरं कोणी बोललेलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आपण व्हरांड्यात बसायचो. तुम्ही डब्यात मुरमुरे आणायच्या, मी माझी कागदं. मी धडा वाचून दाखवायचो आणि तुम्ही लाल पेन हातात धरून एकच प्रश्न विचारायच्या: "हे कायले?" मेमरीचे प्रकार कायले? की-बोर्डवरच्या कळा मोजायच्या कायले? मी चिडायचो. पुस्तकात आहे म्हणून, असं उत्तर दिलं की तुम्ही पानावर आडवी रेघ मारायच्या. पहिल्या महिन्यात माझी चाळीस पानं गेली आणि हाती साडेतीन उरली. मी घरी जाऊन आईला म्हटलं, या बाईच्या हाताखाली काम करणं माझ्यानं व्हायचं नाही. आई आमच्या पोवारी बोलीत जे म्हणाली त्याचा अर्थ एवढाच होता की बाई शहाणी दिसते.

आणि तुमचा दुसरा नियम, जो मी आजही नव्या शिक्षकांना सांगतो. वर्गात शिकवून पाहिल्याशिवाय धडा वहीत चढवायचा नाही. शिकवताना पोरं सांगतील तेवढंच करायचं, मनाचं काही घालायचं नाही. तुम्ही एकदा पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी वर्गात घेऊन आलात आणि म्हणालात, पेंडी कशी बांधायची ते मला सांगा, मी काहीच जाणत नाही. रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत आयांसोबत धानाच्या बांध्यांत उतरणारी ती पोरं, त्यांना हसूच आलं. एक म्हणाला, "मूठभर घ्या अन् बांधा." तुम्ही मूठभर घेतली आणि तशाच उभ्या राहिलात. "बांधा नं बाई!" "कशानं बांधू? तू तं सांगितलंच नाही." अर्धा तास वर्ग भांडत होता, पण शेवटी फळ्यावर अकरा ओळी लागल्या, आणि त्यातली एक जरी काढली तरी पेंडी सुटत होती. प्रोग्रॅम म्हणजे काय हे मला कोर्समध्ये सहा महिन्यांत कळलं नव्हतं. त्या दिवशी वर्गाच्या दारात उभ्या उभ्या कळलं.

असे आपण सहा धडे पक्के केले. आपलं सगळं जमत होतं असं नाही. पालकांना पोरांनी टायपिंग शिकून हातात सर्टिफिकेट घ्यावं एवढंच हवं होतं, आणि मीही त्यांच्या बाजूनं होतो. मला वाटलं, आता लाल पेन निघणार. तुम्ही मात्र ते प्रकरण एका घटकेत मान्य केलंत. "पोटाची गोष्ट हाय गा. पोटाले कायले विचारू नये." पण संगणक आठवीपासून की पाचवीपासून, यावर आपण दोन वर्षं भांडलो आणि ते भांडण तसंच राहून गेलं. मला अजूनही आठवीच बरोबर वाटते. तुम्ही गेलात म्हणून मी मत बदलणार नाही, तुम्हालाही ते आवडलं नसतं.

सातवा धडा तुमचा. यादी आणि क्रम शिकवायचे होते. मी शाळेच्या हजेरीपटाचं उदाहरण आणलं, तुम्ही ते बाजूला सारलंत. "पाण्याची पाळी घेऊ," म्हणालात.

धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी पाऊस दगा देतो तेव्हा गावचा तलाव फोडतात, म्हणजे पाटानं पाणी सोडतात, हे आमच्याकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पाटाच्या तोंडाशी ज्याची बांधी त्याला पहिलं पाणी, मग त्याच्या खालच्याला, असं शेवटपर्यंत. पाणी पुरलं तर शेवटपर्यंत. तुमच्या वडिलांची बांधी नव्हती. आई लोकांच्या रोवण्याला जायची, म्हणून गावातला एकेक धुरा, म्हणजे बांध, तुम्हाला पाठ होता. माझं तसं नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडं आमची शेती पाटाच्या तोंडाशीच. पाणी सुटलं की पहिलं आमच्याकडं यायचं. पाणी येतं आणि पाळी असते, एवढंच मला ठाऊक. खाली वाट बघत कोणी उभं असतं, हे बघायला मी धुऱ्यावरून खाली कधी गेलोच नव्हतो.

पोरांनी तो नियम ओळीओळीनं लिहिला. इतक्या दिवसांचं पाणी, इतक्या बांध्या, वरून सुरू करा, प्रत्येकाला इतका वेळ, पाणी संपलं की थांबा. मी तो बेसिक नावाच्या संगणकाच्या भाषेत बसवला. संगणकानं यादी दिली: कोणाला पाणी मिळालं, कोण कोरडा राहिला. मग तुम्ही म्हणालात, "आता एकच ओळ बदला. खालून सुरू करा." एक पोरगा म्हणाला, असं होतच नाही बाई, पाणी खालून वर कसं जाईल? मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्या घरची बांधी अगदी शेवटची. म्हणाली, "वरच्याइनं आपल्या बांध्याइची तोंडं बंद ठेवली तं येते नं." मी ओळ बदलली, बटण दाबलं, आणि यादी पार उलटी झाली.

"मशीन चुकली का?" तुम्ही विचारलंत.

"नाही बाई."

"मंग बदललं काय?"

तीच मुलगी म्हणाली, "सांगनारा बदलला."

बाई, मी त्यानंतर गोंदियात, नागपुरात कितीतरी प्रशिक्षणांना बसलो. मोठमोठ्या लोकांनी पडद्यावर चित्रं दाखवून संगणकाबद्दल सांगितलं. त्या मुलीच्या दोन शब्दांपुढं मला कशाचंच फार वाटलं नाही. ते दोन शब्द तिच्या तोंडून निघावेत असा धडा रचणारी बाई सात-आठ खोल्यांच्या शाळेत, चार संगणकांवर, वीज असेल तेव्हा काम करत होती.

तुम्ही धड्याच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं, "नावं खोटी टाकणे", आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी त्या रेघा बघितल्या होत्या. मला आठवण नव्हती असं मी म्हणणार नाही.

त्या वर्षी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मला आपला धडा भिंतीवर मोठा करून लावायचा होता. खोटी नावं टाकून बघितली, अ शेतकरी, ब शेतकरी, सगळं निर्जीव वाटलं. मी पोरांना विचारलं, तशी त्यांनी पाच मिनिटांत एकतीस बांध्यांची खरी नावं क्रमानं सांगितली. मला काय ठाऊक, गावात जे सगळ्यांना तोंडपाठ असतं ते छापलं की वेगळं होतं? प्रिंटर कुरकुरत होता आणि मी खूश होऊन कागद फाडत होतो. वर पाणी मिळालेल्यांची यादी, खाली मोठ्या अक्षरांत "कोरडे", आणि त्याखाली आठ नावं. मग तुमची दुसरी यादी, खालून सुरू केलेली. त्यात कोरड्यांमध्ये शेवटचं नाव संस्थेच्या अध्यक्षांचं, कारण गावच्या पाटाच्या तोंडाशी त्यांचीच बांधी.

दुपारपर्यंत भिंतीपुढं गर्दी झाली. खालच्या आठांतला एक म्हातारा नातवाकडून यादी वाचून घेत होता. पूर्ण ऐकली, पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि एवढंच म्हणाला, "हे तं बरोबर हाय." वरच्या बांध्यांची माणसं एकेक करून बाहेर पडली. बक्षीस समारंभाला खुर्च्या रिकाम्या होत्या. तुम्ही आलात, भिंत बघितलीत, माझ्याकडं बघितलंत, आणि कागद काढायला हात लावला नाहीत. पोरांचं काम आहे, संध्याकाळपर्यंत राहू दे, एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्टाफरूममध्ये आले. माणूस वाईट नव्हता. शाळेला जागा त्यांनीच दिली होती, गावात दुखणंखुपणं झालं की त्यांचीच जीप धावायची. पण त्या दिवशी ते पांढरे पडले होते. विचारलं, "नावं कोणी टाकली?"

मी डस्टर साफ करत होतो. डस्टर चांगलं स्वच्छ होतं.

"म्या सांगितली होती टाकाले," तुम्ही म्हणालात. किती वाजले ते सांगावं तशा आवाजात.

पुढचं इथल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त चुकीचं माहीत आहे. ज्येष्ठतेनं हेडमास्तरीण तुम्ही होणार होतात. उन्हाळ्यात ती खुर्ची दुसऱ्याला मिळाली आणि तुम्हाला केशोरीच्या अलीकडच्या शाखेत पाठवलं, दोन एस.टी. बदलून. सातवा धडा छापायच्या पुस्तकातून काढायचा हुकूम झाला. तो मीच काढला, माझ्याच खोलीत, माझ्याच हातानं. काढायला काहीच वेळ लागला नाही. पुढच्या वर्षी मी कायम झालो. पुस्तक छापून पाचही शाळांत गेलं, त्यावर संकलक म्हणून माझं नाव, आणि आत बारीक अक्षरांत "साहाय्य" म्हणून तुमचं. तेही मी बघितलं आणि प्रेसला परत केलं नाही.

पहिल्या दिवाळीनंतर मी तुम्हाला भेटायला केशोरीच्या स्टँडवर आलो. बोलायची सगळी तयारी करून आलो होतो. "बाई, त्या दिवशी मी…" एवढंच म्हणालो, तर तुम्ही पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्यात. "तुझी नोकरी कच्ची होती, माझी पक्की होती. झालं तं मंग." मी म्हटलं, पण मला माफी तरी मागू द्या. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत जसं पहिल्या महिन्यात माझ्या चाळीस पानांकडं बघायच्या. "तुझी माफी घेऊन मी करू काय गा? धडा टाक."

तेव्हापासून आपलं एकच भांडण. तुमचा फोन आला की तब्येत, पोरं, पाऊस, आणि शेवटी "टाकला का?" मी कारणं द्यायचो. त्यावर परीक्षेत प्रश्न काय काढायचा? बेसिक आता जुनं झालं. नवा अभ्यासक्रम येणार आहे, तेव्हा बघू. दोनदा पुस्तकाची आवृत्ती निघाली, दोन्ही वेळा मी होतो, दोन्ही वेळा सहाव्या धड्यानंतर सरळ आठवा. भीती वाटते, असं मी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही कदाचित सोडूनही दिलं असतं.

मधे मी समन्वयक म्हणून तुमच्या शाखेत तपासणीला आलो होतो. वीज नव्हती. तुमचा वर्ग अंगणात होता. पोरांनी कुदळीनं पाट खणला होता, त्याला फाटे, फाट्यांच्या टोकाला विटांच्या चौकटीच्या बांध्या, आणि वर एक बादली. एक मुलगी कागदावरच्या ओळी मोठ्यानं वाचत होती, दुसरी वाचलं तेवढंच करत होती, मनाचं काही नाही. कुठंतरी एक ओळ राहून गेली आणि सगळं पाणी तुमच्या पायांवर आलं. पोरं घाबरली. तुम्ही साडी वर धरून हसत उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "माया पायाले पाहू नका, ओळ शोधा!" बांध्यांवर खोट्या नावांच्या पाट्या होत्या. शिक्षण संस्थेचा एक मास्तर समोर उभा होता आणि संस्थेनं काढून टाकलेला धडा तुम्ही त्याच्यादेखत निवांत शिकवत होतात. माझ्या फॉर्मवर एक रकाना होता, अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवणे चालू आहे का? मी "होय" लिहिलं. तुम्ही चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणालात, "लबाडी करून रायला गा. पन कामाची केली." ते कौतुक होतं असं मी धरून चाललोय.

शेवटचा फोन दोन महिन्यांपूर्वीचा. तुमचा आवाज खोल गेला होता. मी म्हटलं, बाई, आराम करा. तुम्ही विचारलंत, "टाकला का?" मी म्हटलं, टाकतो. पूर्वी मी "बघतो" म्हणायचो. त्या दिवशी "टाकतो" म्हटलं, ते तुमचं मन राखायला. तुम्हाला ते कळलं असणार. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात.

म्हणून बाई, हे लिहितो आहे. रविवारी सगळ्यांसमोर अध्यक्ष म्हणाले ते खरं नाही. तुम्ही कोणतीही चूक केली नव्हती आणि कबूलही केली नव्हती. तुम्ही खोटं बोलला होतात, माझ्यासाठी. ती नावं मी टाकली होती, तुम्ही नको म्हणून लिहिलेलं असताना. खुर्ची तुमची होती, धडा तुमचा होता, पुस्तकही अर्ध्याहून जास्त तुमचं होतं. हे छापून आल्यावर मला काय विचारतील ते विचारोत. माझी नोकरी आता पक्की आहे.

तुम्हाला माफी नको होती, म्हणून मागत नाही. गेले तीन दिवस बसून सातवा धडा पुन्हा लिहून काढला. जुन्या कागदांतला एकही सापडला नाही, पण एक ओळही विसरलो नव्हतो. प्रत्येक ओळीपाशी थांबलो आणि कायले ते स्वतःला विचारलं, उत्तर आलं नाही तिथं रेघ मारली. नावं तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळी खोटी आहेत. फक्त पाटाच्या तोंडाशी, पहिल्या बांधीवर, एक खरं टाकलं आहे. तिथं बिसेन लिहिलंय.

लेखासोबत धडा जोडून आज सकाळी स्मरणिकेच्या संपादकांकडं देतो आहे. वर चिठ्ठी लावली आहे: पानं दोनच आहेत, जागा कमी पडली तर माझा लेख हवा तेवढा कापा, नावं कोणी टाकली ते एक वाक्य ठेवलं तरी चालेल. धड्यातली मात्र एकही ओळ कापू नका.